संकल्प आणि झोळी

दत्तभक्त वाचकहो, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. आपण देवापुढे हात जोडून काही बोललेलो असतो. चालत येईन, उपास करीन, अमुक पारायणं करीन. आणि ऐन वाटेत असा प्रसंग उभा राहतो की ते बोलणं पाळावं तर दुसऱ्याच्या जिवावर बेततं आणि सोडावं तर आयुष्यभर मनाला चुटपुट लागते. अशा वेळी काय करावं? उत्तर लगेच देऊ नका. मीही एके काळी फार चटकन दिलं असतं. गेल्या वर्षी मार्गशीर्षात, नळदुर्गच्या अलीकडे अकरा किलोमीटरवर, एका गुरुवारी संध्याकाळी हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला आणि मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

मी निवृत्त माणूस, वय एकसष्ट. नोकरीत असताना गाणगापूरला बऱ्याचदा जाणं झालं, पण ते एसटीने नाहीतर रेल्वेने. निवृत्तीनंतर मनात आलं की श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराज ज्या वाडीहून गाणगापूरला गेले, त्या नरसोबाच्या वाडीहून निघावं आणि गाणगापूरपर्यंत सायकलने जावं. पायी जाण्याची गुडघ्यांची तयारी नव्हती. सायकलवर मात्र गुडघे कुरकुरत नाहीत. माझा धाकटा चुलतभाऊ, तोही अठ्ठावन्नचा, म्हणाला, "दादा, मीपण येतो." चार महिने रोज पहाटे सराव केला. वाडीला पादुकांपुढे नारळ ठेवून मी मोठ्याने संकल्प सोडला, "महाराज, इथून गाणगापूरपर्यंत एक फूटही वाहनात बसणार नाही." भाऊ शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही, नुसते हात जोडले.

पंढरपूर झालं, सोलापूर झालं. सोलापूरहून अक्कलकोटमार्गे गाणगापूर हा सरळ रस्ता. पण आमची कुलस्वामिनी तुळजाभवानी आणि कुलदैवत नळदुर्ग-अणदूरचा खंडोबा. एवढं जवळून जायचं आणि कुळाचार चुकवायचा, हे पटेना. म्हणून चौथ्या दिवशी वाकडी वाट करायची ठरवली: सोलापूर ते तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर, दर्शन, आणि तिथून नळदुर्ग सुमारे ३५. ऐंशी किलोमीटर म्हणजे आम्हा दोघांना भरपूर, पण अशक्य नव्हतं.

तो दिवस गुरुवारचा. दोघांचाही उपास. भावाला सात-आठ वर्षांपासून साखरेचा आजार आहे, रोज सकाळी गोळी असते. निघताना मी विचारलं, "आज उपास ठेवतोस का रे? दमणूक आहे." तो म्हणाला, "तुम्ही ठेवलाय ना दादा, मग मीपण ठेवतो." मी पुढे काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

सकाळी सहाला निघालो. तुळजापूरच्या घाटाने दम काढला, दोनदा उतरून सायकल ढकलावी लागली. दर्शनाला गर्दी, बारी मोठी. बाहेर पडायला दोन वाजले. भावाने दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे खाल्ले, मीही तेवढंच. नळदुर्गच्या रस्त्याला लागलो आणि समोरचा वारा सुरू झाला. मार्गशीर्षात आपल्याकडे वारा पूर्वेचा असतो, आणि आम्हाला जायचं होतं आग्नेयेला. ज्याने सायकल चालवली नाही त्याला समोरचा वारा म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. चढाला निदान शेवट दिसतो. वाऱ्याला शेवट नसतो. दोन्ही बाजूंना गुडघाभर ज्वारी एकाच दिशेला लवलेली, तुरी वाळायला लागलेल्या, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. ट्रॉली आली की आम्ही रस्त्याच्या कडेला मातीत उतरायचो आणि त्या मातीत सराटे. तीन पंक्चर झाली, दोन माझ्या चाकाला आणि एक भावाच्या. तिसऱ्या वेळी सोल्युशनची नळी रिकामी निघाली. शेवटची नवी ट्यूब घातली आणि पुढे निघालो. हात काळे, डोकं तापलेलं, आणि घड्याळात पाच.

तेवढ्यात मागून एक छोटा टेम्पो आला. मागे भाजीचे रिकामे कॅरेट. चालवणारा तिशीतला पोरगा. गाडी हळू करून म्हणाला, "काका, कुठं नळदुर्गला? टाका सायकली मागं. अंधार पडायला लागलाय."

मी म्हणालो, "नको बाळा. संकल्प आहे आमचा. वाहनात बसायचं नाही."

त्याने भावाकडे बघितलं. "हे काका लई दमलेले दिसतात."

भावाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही, नाही. मी ठीक आहे."

टेम्पो निघून गेला. वाचकहो, त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवत नाही. मला बरं वाटलं. परीक्षा आली आणि आपण उतरलो, महाराजांनी बघितलं असेल, असं वाटलं. भावाच्या कपाळावर घाम होता. थंडी पडायला लागली होती, वारा वाहत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. तो घाम मला दिसला. त्याचा अर्थ मात्र मी लावला नाही.

सहाच्या सुमारास सूर्य मावळला. भाऊ मागे पडायला लागला. मी हाक मारली तर उत्तर भलतंच, म्हणे "आईला सांगितलंय का आपण निघालोय ते?" आई जाऊन बारा वर्षं झाली. मी मागे वळलो तर तो सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला बसलेला. हात थरथरत होते, अंग घामाने थंडगार. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गोळी घेतलेली, पोटात काही नाही, आणि दिवसभर पायडल. साखर उतरली होती.

माझ्या पिशवीत काय असावं? भस्माची पुडी, पोथी, जपमाळ, पंक्चरचं रिकामं सामान. साखरेचा एक कण नाही.

रस्त्याच्या पलीकडे शेतात ऊसतोड कामगारांच्या चार-पाच कोप्या होत्या. चूल पेटलेली दिसली. मी तिकडे पळालो. एक बाई भाकरी थापत होती. मी नीट बोलूही शकलो नाही, "साखर, भाऊ पडलाय, साखर" एवढंच. तिने पिठाचे हात तसेच लुगड्याला पुसले, डब्यातली होती तेवढी साखर लोटीभर पाण्यात ढवळली आणि माझ्याआधी रस्त्यावर पोचली. "तोंड उघडा बाबा. पिऊन घ्या सगळं. घाबरू नका." भाऊ शुद्धीत होता, घोट घोट पाणी प्याला. दहा-पंधरा मिनिटांत त्याची नजर जागेवर आली. मग ती बाई गेली आणि गरम भाकरी, वर तिखट आणि गुळाचा खडा घेऊन आली. त्याला म्हणाली, "आता ह्ये खावा."

मी खिशातून दोनशेची नोट काढली. तिने बघितलं. रागावली नाही, पण तिचा चेहरा पडला. "आमी बी वाटंवरचीच मानसं, तुमी बी वाटंवरचीच. त्याचं पैसं घेत्यात व्हय?"

मी नोट हातात धरून तसाच उभा. आणि नळदुर्गच्या बाजूने एक दिवा आला. तोच टेम्पो. तो पोरगा खाली उतरून म्हणाला, "घरी गेलो, जेवायला बसलो, घास जाईना. म्हटलं त्या काकांना बघून यावं." आणि माझ्याकडे बघून, जरा थट्टेने, पण प्रेमाने म्हणाला, "काका, आमचा खंडोबासुद्धा अणदूरहून नळदुर्गला चालत येत नाही. पालखीत बसून येतो. तुम्ही बसा की."

मी बसलो. दोन सायकली, दोन म्हातारे आणि रिकामे कॅरेट. अकरा किलोमीटर.

नळदुर्गात एका डॉक्टरांनी तपासलं. तोवर साखर वर आली होती. ते शांतपणे म्हणाले, "साखरेच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाने श्रमाच्या दिवशी कडक उपास करू नये. खिशात साखर, गूळ, ग्लुकोज काहीतरी ठेवावंच. सत्तरच्या खाली गेली की धोका. शुद्धीत असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर द्यायची आणि मग खायला घालायचं. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना गाठा." हे सगळं मी इथे मुद्दाम लिहितो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरात गुरुवारचा उपास आहे आणि साखरेची गोळीही आहे.

रात्री लॉजवर भाऊ पडल्या पडल्या म्हणाला, "दादा, एक सांगू? टेम्पोवाल्याने विचारलं तेव्हा मला बसायचं होतं. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मीही नाही म्हणालो." एवढं बोलून तो झोपी गेला. मला झोप लागली नाही.

आणि आता जे सांगतो ते सगळ्यात लाजिरवाणं आहे. पहाटे पाचला उठून मी हळूच सायकल बाहेर काढली. विचार असा की काल जिथून टेम्पोत बसलो तिथपर्यंत मागे जावं आणि तेवढे अकरा किलोमीटर सायकलने परत यावं. म्हणजे वाडी ते गाणगापूर सलग होईल, संकल्पाला भोक राहणार नाही. दारात पोचलो आणि आठवलं की भावाची सकाळची गोळी नाश्त्याच्या वेळेला द्यायची आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, आज त्याला एकट्याला सोडू नका. आणि मी त्याला एकट्याला सोडून निघालो होतो, अकरा किलोमीटर भरून काढायला. काल ज्या गोष्टीने त्याचा जीव धोक्यात घातला, तीच गोष्ट आज पुन्हा मला सायकलवर बसवत होती. सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसलो.

तिथे बसून जो विचार केला तो तुमच्यापुढे ठेवतो.

संकल्प ही वाईट गोष्ट आहे का? नाही. संकल्पाशिवाय माणूस पाण्यावरच्या पाल्यासारखा वाहतो. आपल्या संप्रदायात प. पू. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. जन्म माणगावचा, सन १८५४. समाधी गरुडेश्वरला, सन १९१४. एवढ्या आयुष्यात सारा भरतखंड त्यांनी पायी तुडवला, नियमात तसूभर ढिलाई केली नाही. मग माझ्या 'एक फूटही वाहनात बसणार नाही' यात काय चुकलं?

चूक नियमात नव्हती. चूक अशी की तो नियम मी माझ्यासाठी केला आणि त्याचा भार भावाने उचलला. थोरल्या भावाने नाही म्हटल्यावर धाकटा हो म्हणणार नाही, हे आपल्या घरांतलं वळण मला माहीत नव्हतं का? होतं. मी त्याला एकदाही विचारलं नाही, "तुला बसायचं आहे का?" विचारलं असतं तर त्याने हो म्हटलं असतं, आणि मग मलाही थांबावं लागलं असतं. मी विचारलं नाही, कारण मला उत्तर नको होतं. ज्या संकल्पाच्या आड येईल म्हणून आपण शेजारच्या माणसाच्या कपाळावरचा घाम बघायचं टाळतो, तो संकल्प तेव्हापासून देवाचा राहिलेला नसतो, तो आपल्या नावाचा झालेला असतो.

आपले पूर्वज याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी त्यांनी सांगून ठेवल्या आहेत: पाणी, मुळं, फळं, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. शेवटची गोष्ट बघा, औषध. भावाच्या तोंडी गेलेलं साखरेचं पाणी हे औषधच होतं. त्याचा उपास मोडलाच नाही. ज्यांनी इतकी कडक व्रतं रचली, त्यांनीच त्यात ही दारं ठेवली. आपण मात्र व्रत तेवढं घेतो आणि दारं बुजवून टाकतो.

श्रीगुरुचरित्रातली ती कथा आठवा. एका ब्राह्मणाचा परान्न न घेण्याचा नियम होता. त्याच्या पत्नीला वाटे, लोक कुठे कुठे जेवायला जातात आणि आपण कधीच नाही. तिने श्रीगुरूंकडे गाऱ्हाणं नेलं, आणि श्रीगुरूंनी त्या नियमाच्या माणसाला सांगितलं की हिची इच्छा आहे तर हिच्याबरोबर जा. पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे, त्या बाईला परान्नाचा वीट आला. कोणी म्हणेल, कथा तर परान्न टाळा असंच सांगते. खरं आहे, जिभेच्या हौसेसाठी परान्न नको, हे ती सांगतेच. पण श्रीगुरूंनी पहिलं काय केलं? नियमाच्या माणसाला नियमाच्या बाहेर, बायकोसोबत पाठवलं. हौस वेगळी आणि गरज वेगळी, आणि नियमापेक्षा सोबतचं माणूस आधी, एवढं मला त्यातून दिसतं.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. टेम्पोवाल्याला नाही म्हणताना माझ्या मनात नुसता संकल्प नव्हता. 'कुणाचं मिंधं व्हायचं नाही' हेही होतं. आपल्या पिढीने हे वाक्य आईच्या दुधाबरोबर घेतलं आहे. देणारा वर, घेणारा खाली, असं आपल्याला वाटतं, आणि म्हणून आपण देताना सुखी असतो आणि घेताना चोरटे. त्या बाईपुढे मी नोट काढली ती उदारपणाने नाही. हिशेब मिटवायचा होता, तिचं देणं माझ्या अंगावर राहू नये म्हणून. तिचा चेहरा पडला तो उगीच नाही. मी तिच्या भाकरीचं दान पुसून टाकून तिची खरेदी करू पाहत होतो.

आणि आता गंमत बघा. मी निघालो होतो कुठे? गाणगापूरला. तिथे जाऊन करायचं काय होतं? झोळी घेऊन पाच घरी मधुकरी मागायची होती. रोज दुपारी त्या गावात महाराज कोणत्यातरी रूपात भिक्षेला येतात, या श्रद्धेने हजारो लोक झोळी पुढे करतात. मधुकरी हा शब्दच मधुकरावरून, म्हणजे भुंग्यावरून आला. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला जे चोवीस गुरू सांगितले त्यात भुंगा आहे. तो एकेका फुलातून थोडं थोडं घेतो आणि फूल दुखवत नाही. घ्यायचं कसं, हे शिकवण्यासाठी अवधूताने एका किड्याला गुरू केलं! त्याच यादीत अजगर आहे, जो आपण होऊन येईल तेवढ्यावर राहतो. आपल्या दैवताचं सगळं जगणंच घेण्यावर उभं आहे: स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. तो कोल्हापूरला कुणाच्या तरी दारात उभा राहतो, आणि आपण म्हणतो आम्ही कुणाच्या दारात उभे राहणार नाही.

म्हणजे गाणगापुरात विधी म्हणून पसरायची ती झोळी मी पिशवीत घडी घालून आणली होती, आणि नळदुर्गच्या रस्त्यावर खरी भिक्षा समोर आली तेव्हा मला ती उघडता आली नाही. एकदा नाही, दोनदा.

कोणी म्हणेल, पण यात्रेत स्वतःच्या कष्टाला काही मोल आहे की नाही? आहेच. पण एकट्याच्या कष्टाने आजवर कुणाची यात्रा झाली? २०१५ साली नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. एक चालवतो तेव्हा दुसरा गाडीत विश्रांती घेतो, आणि बरोबर खाणं-पाणी, रस्ता, दुरुस्ती बघणारी माणसं असतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आणि त्याआधी बाबा आमटे. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून त्यांचं भारत जोडो अभियान निघालं. शंभराहून जास्त तरुण-तरुणी सायकलवर, थेट काश्मीरपर्यंत, पाच हजार किलोमीटरच्या वर. बाबांचं वय सत्तरीपलीकडे, पाठीचा कणा इतका दुखावलेला की धड बसताही येत नव्हतं. ते गाडीत पडून राहून त्या सायकलींबरोबर गेले. मग ती यात्रा बाबांची नव्हती असं कोणी म्हणेल का? पायडल मारलं नाही म्हणून?

दुपारी भावाला बरं वाटल्यावर आम्ही किल्ला बघायला गेलो. नळदुर्गचा पाणीमहाल तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सुमारे चारशे वर्षांपूर्वी, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, बोरी नदीवर किल्ला आणि रणमंडळ यांना जोडणारी दगडी भिंत घातली आणि त्या भिंतीच्या पोटात महाल केला. पावसाळ्यात पाणी वरून कोसळतं, आतला माणूस कोरडा. आम्ही गेलो तेव्हा हिवाळा, नर-मादीचे धबधबे बंद होते. पण ते पडतात त्या जागा स्पष्ट दिसतात. भिंत बांधणाऱ्यांनी पाण्याला जायला वाट ठेवली आहे, तीही एक नाही, दोन. पूर आला की पाणी त्या ठरल्या वाटेने उतरतं, म्हणून भिंत चारशे वर्षं उभी आहे. सगळं पाणी अडवीनच म्हणणारी भिंत पहिल्या मोठ्या पुरात गेली असती. भाऊ कठड्याला हात लावून म्हणाला, "दादा, वाट ठेवली म्हणून टिकली." त्याला माझ्या डोक्यात काय चाललंय ते माहीत नव्हतं. की होतं, कोण जाणे.

संध्याकाळी खंडोबाला गेलो. ही मूर्ती एक आणि देवळं दोन. वर्षातले सुमारे दहा महिने देव अणदूरला आणि सुमारे दोन महिने नळदुर्गला. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गात होते. दोन गावांनी एक देव वाटून घेतला आहे, आणि देवाची हरकत नाही. भक्त उचलून नेतील तिकडे तो जातो, घालतील ते घेतो. देव इतका सहज परावलंबी होतो, आणि मी माणूस असून मला अकरा किलोमीटर जड जात होते. त्या दर्शनात मी ठरवलं की ते अकरा किलोमीटर भरून काढायचे नाहीत. माझ्या यात्रेत ते तसेच राहू देत.

दुसऱ्या दिवशी मी भावाला म्हणालो, "आता इथून दोघंही एसटीने जाऊ." तर तो म्हणाला, "नाही दादा. तुम्ही सायकलवर या. मी एसटीने पुढे जाऊन खोली बघतो, जेवणाचं बघतो. अर्धी यात्रा तुमची, अर्धी माझी." या वेळी मी त्याला दोनदा विचारलं, "मनापासून म्हणतोस ना?" तो हसला. त्याची सायकल टेम्पोवाल्या पोराने सोलापूरला आमच्या नातेवाइकांकडे पोचवली. भाडं विचारलं तर म्हणाला, "गाणगापूरचा प्रसाद आणा." मी या वेळी नोट काढली नाही. "आणतो" म्हणालो. परतताना नेऊनही दिला.

गाणगापुरात भीमा-अमरजा संगमावर स्नान झालं, निर्गुण पादुकांचं दर्शन झालं. दुपारी दोघं भाऊ झोळी घेऊन निघालो. तिसऱ्या दारात एका म्हाताऱ्या बाईंनी भाकरीचा तुकडा घातला आणि मला त्या कोपीवरच्या बाईचे पिठाने माखलेले हात आठवले. ती भिक्षा पहिली होती, ही दुसरी. पहिलीची किंमत मी द्यायला निघालो होतो. या वेळी नुसती मान खाली घातली.

आता हे सगळं तुम्हाला का सांगितलं? तुमच्यापैकी फारसं कोणी सायकलवर निघणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपण सगळे ज्या वयाला आलो आहोत, तिथे टेम्पो रोज दारात उभा राहतो. नातू म्हणतो, "आजोबा, हात धरा, पायरी आहे," आणि आपण हात झटकतो. सून म्हणते, "डॉक्टरांकडे सोडते," आपण म्हणतो रिक्षाने जाईन. रात्री छातीत दुखतं आणि मुलाला उठवत नाही, त्याची झोप मोडेल म्हणून. आपल्याला वाटतं हा आपला स्वाभिमान, आपण कुणाला त्रास देत नाही. पण पहाटे जो त्रास त्यांना होईल त्याचा विचार आपण केलेला असतो का? कुणाचं काही न घेण्याच्या हट्टाचं ओझं शेवटी दुसऱ्यालाच वाहावं लागतं, जसं माझं माझ्या भावाने वाहिलं.

संकल्प जरूर करावा. पण करताना दोन गोष्टी मनात धराव्यात, असं मला आता वाटतं. एक, आपल्या संकल्पाचा भार शेजारच्यावर पडत नाही ना, हे त्याला तोंडाने विचारावं. नुसतं गृहीत धरू नये. आणि दुसरी, वाटेत कोणी प्रेमाने हात पुढे केला तर आधी आपली झोळी उघडावी आणि मग नियमाचा विचार करावा. कारण त्या हातात कोण आहे हे आपल्याला कुठे माहीत असतं? गाणगापुरात दुपारी महाराज भिक्षा घ्यायला येतात यावर आपला विश्वास आहे. नळदुर्गच्या रस्त्यावर संध्याकाळी ते भिक्षा घालायला येत नसतील, असं कोणी सांगितलं?

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥